भिकाजीच्या रक्तातली साखर

औषधाच्या रिकाम्या बाटल्या जशा घरात साठतात ना, तसे हे लॅबचे किस्से माझ्याकडं साठलेत. उपयोग काही नाही, आणि फेकवतही नाहीत! मी चौथी शिकलेला माणूस. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात काट्यावर वजनं करण्यात जन्म गेला. आकडा मला कळतो. पण रक्ताचा आकडा? छ्या! आजतागायत कळला नाही.

सुरुवात झाली ती भिकाजीच्या मोतीबिंदूपायी. भिकाजी माझा काट्यावरचा जोडीदार. समोर ट्रक आहे की भिंत, त्याला कळेना. डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, "आधी साखर खाली आणा, मगच ऑपरेशन. नाहीतर जखम चिघळेल, डोळा जाईल." मग मी आणि मार्केटातलाच आमचा दोस्त जाडा बबन त्याला घेऊन लॅबात. गेलोच आहोत तर म्हटलं आपलंपण रक्त देऊन टाकू.

उपाशी पोटी रक्त घेतलं. लॅबवाली बाई म्हणाली, "आता जेवा, दोन तासांनी परत या." बबन खवळला. "एकाच माणसाचं दोनदा? सकाळचा माल वेगळा, दुपारचा वेगळा?"

बाई म्हणाली, "काका, जेवल्यावर साखर चढते. चढलेली वेळेत उतरते का, ते बघायचं असतं."

बबन मला म्हणाला, "भिकाजी कसला उतरू देतोय!"

* * *

रिपोर्ट आले. रक्तात चरबी कुणाच्या जास्त? माझ्या! मी काडीसारखा, आणि बबन दारातून आडवा होऊन जाणारा. त्याचं सगळं नॉर्मल! मी म्हटलं, "बाटल्या बदलल्या तुमच्या!"

"रक्तातली चरबी बाहेरून दिसत नाही, काका."

बबननं दोन्ही हातांनी पोट उचलून धरलं. "मग ही कुणाची?"

* * *

बबनचा ई.एस.आर. मात्र वाढलेला. म्हणजे काय? तर अंगात कुठंतरी सूज. कुठं? ते ह्यात कळत नाही म्हणे!

बबन भडकला. "म्हणजे वॉचमन चोर-चोर ओरडणार, पण कुठल्या गाळ्यात ते सांगणार नाही. काढून टाका असल्याला!"

शेवटी निघालं काय, तर किडलेली दाढ.

* * *

भिकाजीची साखर निघाली दोनशे ऐंशी. तो बाईला म्हणाला, "थोडं खाली या की, ताई!"

बाई काय खाली येईना. मग आम्ही स्टेशनजवळच्या दुसऱ्या लॅबात गेलो. तिथं दोनशे पासष्ट. भिकाजी खूश. "इथं भाव बरा आहे. आता इथंच यायचं!"

* * *

मग गड्यानं अक्कल चालवली. तपासणीच्या आधी तीन दिवस नुसतं कारल्याचं पाणी आणि भाकरी. रिपोर्ट झकास! पण डॉक्टर पक्के. त्यांनी दुसरीच तपासणी लिहून दिली. तीन महिन्यांत साखर कशी होती, त्याचा अंदाज देणारी. त्यात भिकाजी सापडला.

पारूवहिनी, म्हणजे भिकाजीची बायको, जवळच उभी होती. "डाक्टर, घरात मी ह्यांना गुळाचा खडा दिला नाय. रक्तात कुठल्या हाटेलातली साखर हाय, ते येतं का?"

मी आणि बबन छताचा पंखा बघायला लागलो.

* * *

त्यानंतर वहिनीनं त्याला मार्केटात एकटं सोडलंच नाही. आमच्याशीपण बोलेना. पण साखर उतरली, ऑपरेशन झालं. पट्टी सोडायच्या दिवशी आम्ही सगळे हजर.

डॉक्टरांनी दोन बोटं धरली. "किती?"

भिकाजी बोटांकडं बघेचना. डॉक्टरांच्या मागं वहिनी उभी होती, तिच्याकडंच बघत राहिला.

"पारू, तू एवढी वाळलीस कधी?"

"तुमच्या मोतीबिंदूत मी जाडीच असंन!"

आम्ही हसलो. भिकाजी हसला नाही. डॉक्टरही वळून तिला न्याहाळायला लागले.

"मावशी, तहान फार लागते का?"

"लागते की. हंडाभर पिते."

"रात्री लघवीला उठता?"

"उठते सारखी. एवढं पाणी प्यायल्यावर उठनार नाय तर काय!"

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली. लॅबची.

"अवो, माझं कशाला?" वहिनी म्हणाली. "आजारी तर हे हायेत!"