रॉडच्या भट्टीतल्या मुगवड्या

आयुष्यभर मी तेलाच्या अन् गॅसच्या पाइपांना वेल्डिंग केलं. शाळा चौथीपर्यंत, पण एक गोष्ट पक्की ठाऊक: ओल ही पाइपाची वैरीण. वेल्डिंगच्या ओलसर रॉडनं घातलेला सांधा आज गोरागोमटा दिसतो अन् उद्या आतून तडकतो. म्हणून रॉड डब्याएवढ्या विजेच्या भट्टीत भाजायचे अन् गरम गरम वापरायचे.

पाइपलाइनीच्या कामावर आम्ही तंबूत राहायचो. एका पावसाळ्यात बायकोनं रॉडच्या भट्टीत मुगवड्या वाळत घातल्या. तपासणीच्या साहेबानं झाकण उघडलं.

"हा कोणत्या जातीचा रॉड?"

"मुगाचा," ती म्हणाली. "तुमचे खाली आहेत. मी हात नाही लावला."

वड्यांची वाफ लागली म्हणून साहेबानं सगळे रॉड बाद केले. मी तिला लय बोललो. ती म्हणाली, "तुमच्या पाइपाला ओल चालत नाही, मग माझ्या वड्यांना काहून चालावी?"

यंदा उन्हाळ्यात ती गेली. महाराजपूरच्या घराच्या गच्चीवर तिनं वाळवलेल्या शेवटच्या वड्या बरणीत राहिल्या. मी कोणाला शिवू दिल्या नाहीत. भादव्यात सून म्हणाली, "बाबा, वड्या नरम पडून राहिल्या. बुरशी लागेल. शिजवू, नाहीतर फेकू."

"फेकून तर पाहा."

मी माळ्यावरून जुनी भट्टी काढली, पुसली, वड्या घातल्या, प्लग लावला. फ्यूज उडाला. आतल्या खोलीतून पोरगा म्हणाला, "बाबा, काय वेल्ड करून राहिले?"

"तुझ्या आईच्या वड्या."

तो उठला. फ्यूज बसवून आला.

संध्याकाळपर्यंत वड्या खडखडीत झाल्या. वास जरा लोखंडाचा. मी पुन्हा बरणीत भरायला लागलो तर सून आडवी आली.

"ओल धरलेला रॉड किती वेळा भाजता येतो, बाबा? तुम्हीच तर सांगता."

"एकदा."

"अन् मग?"

"त्याच दिवशी वापरायचा. ठेवला की पुन्हा ओल धरतो."

बोललो अन् फसलो.

"चलो, मग कढई ठेवते," ती म्हणाली.

तिघं जेवायला बसलो. भाजी तिखटजाळ, चव बायकोच्याच हातची. एक वडी मी गुपचूप ताटाखाली सारली. सुनेनं ती काढून माझ्या भातावर ठेवली.

"नियम म्हणजे नियम," म्हणाली.

खाल्ली.