खंडेनवमीला आलेलं सरकार

कोल्हापूरचा उद्योग सरकारनं उभा केला की इथल्या माणसांनी स्वतःच्या हिमतीवर, यावर आमच्याकडं अजून तावातावानं वाद होतात. मला मात्र एक तरुण साहेब आठवतात.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. मंगळवार पेठेत आमच्या घराखालीच सासऱ्यांचा, म्हणजे मामांचा, कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन लेथ. इंजिनाचे सुटे भाग व्हायचे आणि तयार माल जिन्यावर रचलेला असायचा. मी पोरं कडेवर घेऊन त्यातूनच वर चढायची. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत प्लॉट मिळावा म्हणून मामांनी वर्षभर सरकारी कचेरीचे उंबरे झिजवले होते. आता साहेबांनी येऊन चालू काम बघायचं आणि शिफारस करायची, एवढंच राहिलं होतं.

साहेब आले ते नेमके खंडेनवमीला. लेथ धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून पुजलेले. साहेब परप्रांतातले, मोठी परीक्षा देऊन आलेले, मराठी एकदम पुस्तकी. म्हणाले, "कृपया यंत्र सुरू करून दाखवा."

"आज न्हाय, सायेब. पुजल्यात. उद्या सोनं वाहिलं की मग."

"उद्या सुट्टी आहे. परवा माझी बदली होते आहे. नवे अधिकारी सगळं पहिल्यापासून पाहतील."

"मग बघू देत की," मामा म्हणाले.

साहेब चहा न घेताच जीपमध्ये बसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दोन माळांपायी वर्षभराची धडपड पाण्यात घातली, असं मी सासूबाईंना ऐकवलंसुद्धा. मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

दसऱ्याला संध्याकाळी चौकातून सोनं लुटून परतलो, तर साहेब आमच्या पायरीवर बसलेले. ड्रायव्हरला सुट्टी, गर्दीत रिक्षा मिळेना, म्हणून कसबा बावड्याकडच्या बंगल्यातून चालत आलेले. म्हणाले, "आता चालेल?"

मामांनी आधी मशीनवर आणि मग साहेबांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. बटण दाबलं. तयार झालेला भाग साहेबांनी उत्साहानं उचलला आणि चटका बसला तसा या हातातून त्या हातात टाकत लहान मुलासारखे हसत सुटले. मग आमच्यात बसून पुरणपोळी खाल्ली. किती गोड दिवस होता तो!

प्लॉट मिळाला. कागलला शेड उभी राहिली, नवी मशिनं आली. उद्घाटनाला सगळी भावकी जमली आणि मामा बटणावर हात ठेवून नुसते उभे.

"मामा, मुहूर्त टळतोय. कुणाची वाट बघताय?"

"सायबाची."

"अहो, ते कधीच विदर्भात गेले."

"ठावं हाय गं." त्यांनी डोळे पुसले. "सरकार आपल्या दारात चालत आलतं ते एकदाच, पोरी. त्येच्याबिगर बटण दाबवंना."