पाचव्या दिवशीही वारा सरेना

"वारा सरला का?" मी विचारलं.

सुमनबाईंनी मान हलवली. नाही. ऑपरेशनचा पाचवा दिवस होता.

नव्वदचं दशक होतं. नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी नवाकोरा सर्जन. सुमनबाई सटाण्याकडच्या, पंचविशीतल्या. आतड्याला पीळ पडून त्याचा वीतभर तुकडा काळा पडला होता. तो कापून मी दोन्ही टोकं शिवली. सीनियर शेजारी नसताना केलेला माझा हा पहिला जोड.

आतडं ही नुसती नळी नव्हे. ते स्वतःला आवळत-सोडत अन्न पुढे ढकलतं. पोट उघडून त्याला हात लावला की ते रुसतं, दोन-तीन दिवस काम बंद. पुन्हा सुरू झाल्याची साधी खूण म्हणजे वारा सरणं. तोवर पेशंटला तोंडाने पाणीसुद्धा देत नाही. आणि वारा सरलाच नाही, तर एक भयंकर शंका येते, की जोड निसटला. मग आतली घाण पोटभर पसरते आणि माणूस हातचा जातो.

सुमनबाईंचं पोट फुगलेलं, नाडी शंभरच्या वर. ताप नव्हता, पण तो कधीही चढेल असं वाटत होतं. मी सीनियर सरांना फोन लावला.

"एक्स-रे काढ," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत काही झालं नाही तर पोट उघड. उद्यावर टाकू नकोस."

सुमनबाईंचा नवरा फौजेत, सीमेवर. खाटेजवळच्या स्टुलावर सासरे बसलेले असत. मी त्यांच्यापुढे ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म धरला. सही करताना त्यांनी विचारलं, "धोका शे का, साहेब?"

"नाही," मी म्हणालो. चक्क खोटं बोललो.

एक्स-रे उजेडात धरला आणि चक्रावलो. वायू मोठ्या आतड्याच्या पार शेवटापर्यंत पोचला होता. म्हणजे रस्ता मोकळा. मग अडलंय कुठे? वॉर्डात जन्म घालवलेल्या आमच्या थोरल्या सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी फिल्म पाहिली, मग स्टुलाकडे पाहिलं.

"बाबा, खालच्या मेडिकलमधून कापूस आणता का? आणि डॉक्टर, तुम्हीही बाहेर व्हा."

त्यांनी पडदा ओढला. मी पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत होतो. तिकडे ऑपरेशन थिएटरात भूल देणारे डॉक्टर येऊन बसलेले. दहा मिनिटांनी सिस्टर हसू दाबत बाहेर आल्या.

"सरला! दोन दिवस दाबून धरला होता बिचारीने."

आत सुमनबाई भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. "मामा आठेच बठेल शेतस ना," त्या पुटपुटल्या. मामा म्हणजे सासरे, आणि ते तर सतत इथेच बसलेले. त्यांच्यासमोर वारा सोडायचा कसा, आणि सोडलाच तर डॉक्टरला सांगायचं कसं?

सासरे कापूस घेऊन धापा टाकत आले. माझ्यावरच चिडले. "पाच दिन व्हयनात साहेब, आठून उठेल नही मी. पोरले एकली कशी सोडू?"

म्हाताऱ्याच्या मायेपायी मी एक धडधाकट जोड उकलायला निघालो होतो.

"बाबा, आता दिवसातून तीनदा चहाला जायचं," मी शेवटी म्हणालो. "हे औषधात धरा."

तेव्हापासून राऊंडला मी आधी नातेवाइकांना बाहेर पाठवतो. पोटाला हात त्यानंतर.