सव्य, अपसव्य आणि अण्णांचं विमान

गौरवग्रंथाच्या समितीने लेख मागितला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. साठी अण्णांची आहे, पण थकलोय मी. सकाळपासून घाटावर बसायचं, दुपारी पाठशाळेत मुलांच्या मागे घसा कोरडा करायचा, आणि संध्याकाळी हातात लेखणी धरायची, एवढं त्राण आता राहिलेलं नाही. पण समितीच्या मंडळींनी ऐकलं नाही. "अण्णांच्या विमानांबद्दल तुमच्याइतकं कोण सांगणार?" म्हणाले. खरं आहे. त्यांच्या विमानांनी माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला छळलेलं नाही.

श्री. अनंतराव सांगवेकर, म्हणजे आपले अण्णा, यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. काशीच्या अहिल्याबाई घाटावर मी एका कुटुंबाचा दहावा करत होतो. ही मंडळी साताऱ्याकडून वडिलांच्या अस्थी घेऊन आलेली. पिंड मांडले, सगळे हात जोडून कावळ्याची वाट पाहू लागले. दोन कावळे जवळ आलेसुद्धा. तेवढ्यात पलीकडच्या रेतीवरून एक विमान उठलं, हातभर नव्हे, चांगलं माणसाएवढं, आणि कर्कश ओरडत नदी ओलांडून आमच्या डोक्यावर येऊन उलटंपालटं होऊ लागलं. घाटावरचे झाडून सगळे कावळे उडाले. झालं! कावळा शिवेना. थोरला मुलगा रडत रडत वडिलांना वचनं देऊ लागला, "बाबा, धाकट्याला सांभाळीन, आईला अंतर देणार नाही." बिचाऱ्याला काय ठाऊक की बाबांची काही इच्छा राहिलेली नाही, कावळे विमानाला भ्यालेत! शेवटी दर्भाचा कावळा करून मी पिंडाला लावला आणि तसाच तणतणत लल्लन मल्लाहाच्या नावेत बसून पार गेलो.

तिथे एक गृहस्थ मान वर करून उभे होते. हातात विमान चालवायची पेटी, पेटीला लांब तार आणि ढकलायची काडी, पायांत कारखान्याचे बूट. मी तोंड उघडायच्या आतच त्यांनी विमान खाली उतरवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गुरुजी, मराठी दिसता. रागवा खुशाल, पण रागवता रागवता जरा शेपूट धरा. इंजिन चालू केलं की हे पळतं." आणि मी धरलं! का धरलं, ते आजवर मला कळलेलं नाही. धोतरावर इंजिनातल्या एरंडेलाचे शिंतोडे उडाले, वाळू नाकातोंडात गेली, आणि तेव्हापासून हा बाबा शेपूट धरतोच आहे.

त्या दिवशी परतताना मी त्यांना कावळ्याची हकिकत सांगितली. रामघाटाच्या पायऱ्यांवर उतरल्यावर अण्णा म्हणाले, "त्या मुलाला भेटता येईल का?" तो धर्मशाळेत उतरला होता. अण्णा गेले, त्याच्यापुढे हात जोडले, आणि वडिलांची इच्छा पूर्ण झालेली होती, चूक माझ्या विमानाची, असं त्याला समजावून आले. पुढे उड्डाणाच्या आधी ते मला नेमाने विचारत, "आज दहावा आहे का कुणाचा?" असला तर कावळा शिवेपर्यंत रेतीवर बसून राहत. कित्येकदा तोवर वारा सुटे आणि विमान तसंच परत आणावं लागे. पितृपक्षात तर मुळीच उडवत नसत. आता पितृपक्षात गंगा चढलेली असते, रेती पाण्याखाली असते, तेव्हा हा त्याग त्यांना तसा फुकटात पडे, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

अण्णांची कामाची रीत मला रेल्वेच्या कारखान्यातल्या त्यांच्या सहकाऱ्यांइतकी सांगता येणार नाही. ती मंडळी या ग्रंथात लिहितीलच. मी पाहिली ती रामघाटावरच्या त्यांच्या माडीवरची. बांबूच्या कांबी तासायच्या, पातळ फळीचे साचे कापायचे, आणि सगळ्या सांगाड्यावर रेशीम ताणून बसवायचं. बनारसी विणकराकडे डाग पडून बाजूला ठेवलेलं बिनजरीचं रेशीम असे, ते अण्णा घेऊन येत. त्यावर रोगण चढवलं की कापड ढोलकीसारखं वाजे, आणि वास मात्र असा सुटे की सुमतीवहिनी स्वयंपाकघरातून ओरडत, "अहो, देवाच्या नैवेद्याला तुमच्या रोगणाचा वास लागतोय!" अण्णा म्हणत, "देवाला सवय झालीय." यावर वहिनी, "देवाला झाली असेल, मला नाही!" पण पंखावर रेशीम ताणताना दुसरं टोक धरायला वहिनीच असत. कापडाला एकही सुरकुती पडू न देणारे हात मी दुसरे पाहिले नाहीत.

एवढ्या हुशार माणसाची एक गंमत सांगतो. सर्वांत मोठं विमान, ज्याला फवारणीच्या पंपाचं पेट्रोल इंजिन बसवलं होतं, त्याचं धड तयार झालं तेव्हा ते जिन्याच्या वळणातून उतरेना. कारखान्यात इंजिनं मोजणारा माणूस स्वतःचा जिना मोजायला विसरला! मग खिडकीचे गज काढून दोरांनी ते गल्लीत सोडलं. खाली मी उभा. दुसरा कोण असणार?

आणि पडणं! उडण्याबद्दल सगळे लिहितील, पण अण्णांची विमानं पडत किती हेही कुणी सांगायला हवं. वाळूत नाक खुपसून पडली, बाभळीत अडकली, एक तर टरबुजांच्या वाडीत घुसलं. अवशेष नावेत घालून वर पांढरी चादर टाकायची, कारण उन्हाने रोगण चिकट होई. चादरीखाली लांबलचक वस्तू घेऊन नाव मणिकर्णिकेच्या स्मशानावरून निघाली की काठावरचे लोक उठून हात जोडत. अण्णाही गंभीर चेहऱ्याने उलट नमस्कार करत. लल्लन म्हणे, "गुरुजी, पार में मरा है, गदहा होगा." काशीच्या पैलतीरी मेलेला पुढच्या जन्मी गाढव होतो, असं इकडे म्हणतात. मी म्हणायचो, "अरे, गाढव आधीच झालंय. ओझं वाहतंय कोण, बघ ना."

असं हसत हसतच आम्ही एक गोष्ट नजरेआड केली. अण्णा अलीकडे विमान लांब गेलं की विचारत, "कुणीकडे झुकलंय हो?" आम्हाला वाटे, ऊन डोळ्यांवर येत असेल. एका सकाळी विमान समोरून आमच्याच दिशेने येत होतं, एक पंख पडलेला. अण्णांनी विचारलं, लल्लन ओरडला, "दाएँ, बाबू, दाएँ!" आणि अण्णांनी काडी डावीकडे ढकलली. विमान कोलांटी घेऊन आमच्यापासून चार हातांवर वाळूत शिरलं. लल्लनचं बरोबर होतं, दाएँ म्हणजे उजवीकडे. पण घरात मराठी आणि बाहेर हिंदी असा ज्यांचा जन्म गेला, त्या अण्णांच्या कानाने वाऱ्यात त्या 'दाएँ'चं 'डावे' केलं. काशीतल्या मराठी माणसाखेरीज ही चूक कुणाच्या हातून होणार नाही!

"आजपासून हिंदी बंद, मराठीही बंद," अण्णा म्हणाले. "गुरुजी, तुमच्या पोथीतलं काही द्या." मी म्हटलं, सव्य आणि अपसव्य घ्या. त्यावरही वाद. अण्णांच्या मते सव्य म्हणजे उजवं, लोक तसं बोलतात. मी म्हटलं, "लोकांचं राहू द्या. रोज जानवं कुठल्या खांद्यावर असतं? डाव्या. ते सव्य. श्राद्धाला उजव्या खांद्यावर घेता, ते अपसव्य. खांद्याला विचारा, चुकणार नाही." तेव्हापासून रेतीवर माझी आरोळी सुरू झाली. येणाऱ्या विमानाचा पंख ज्या अंगाला खाली दिसेल त्या अंगाला काडी ढकलायची, पडत्या पंखाला टेकू द्यावा तशी, एवढं अण्णांनी मला शिकवलं होतं. माडीवरही त्याचा सराव चाले, ते वहिनींना पसंत नव्हतं. "सणावारी अपसव्य, अपसव्य काय ओरडता? कुणी गेलंय का घरात?" म्हणत.

पण वहिनी माझ्याकडे बघत होत्या ते निराळ्या नजरेने. एके दिवशी अण्णा आत गेलेले पाहून त्यांनी मला सांगितलं, "गुरुजी, यांना काचबिंदू झालाय. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपा. कडेचं दिसेनासंच झालंय. तुम्हाला सांगू नका म्हणाले." मी जिन्यातच बसलो. मला रागही आला. इतकी वर्षं शेपूट धरलं आणि मला सांगायचं नाही?

मी अण्णांना सरळ विचारलं. ते रेशमावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, हे मोठं विमान एकदा नदीकाठाने उलटं न्यायचं आणि अख्खं उतरवायचं. दिसतंय तोवर. नंतर नाही मागणार काही." साठीला आलेल्या माणसाचं एवढंच मागणं होतं. आयुष्यभर लोकांच्या शेवटच्या इच्छा ऐकतो मी. ही तर जिवंत माणसाची होती.

गेल्या माघात धुकं विरल्यावर आम्ही पार गेलो. वहिनीही आल्या, पहिल्यांदाच. मी शेपूट धरलं, अण्णांनी पेटी गळ्यात अडकवली. विमान उठलं, वर गेलं, पाठीवर झालं आणि उलटंच्या उलटं पाण्याच्या कडेने सरळ निघालं. त्याच्या रेशमातून ऊन आरपार दिसत होतं. मी आरोळ्या देतच होतो, पण त्यांची गरज नव्हती. अण्णांचे हात आपोआप चालत होते. वहिनी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरून आले.

मग विमान सुलटं होऊन उतरण्यासाठी आमच्याकडे वळलं. आणि अण्णा म्हणाले, "गुरुजी, मला दिसत नाहीये."

हे वाक्य त्यांनी आजवर कुणाहीपुढे उच्चारलं नव्हतं. इंजिनाचा आवाज वाढत होता. मी पाठशाळेत मुलांना संथा देतो तसा, एकेक शब्द सुटा करून, म्हणू लागलो, "सव्य. सव्य. थोडं अपसव्य. पुरे. आता सरळ. खाली येतंय. येऊ द्या. अजून येऊ द्या. सव्य!" अण्णा समोर बघतच नव्हते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. दणका बसला, वाळूचा लोट उठला आणि इंजिन बंद पडलं.

"उतरलं?" अण्णांनी विचारलं.

"उतरलं."

"अख्खं?"

"चाकं मोडली. नाकावरचा पंखा तुटला. बाकी अख्खं."

"मग झालं," ते म्हणाले, आणि वाळूत खाली बसले. वहिनींनी त्यांच्या गळ्यातली पेटी काढून घेतली. त्या दिवशी नावेत विमानावर चादर टाकली नाही. काठावरच्या लोकांनी विमान पाहिलं, विमान म्हणूनच.

त्यानंतर अण्णांनी उड्डाण केलेलं नाही. मोडलेली चाकं त्यांनी दुरुस्त केली, पण विमानाला लावली नाहीत. माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे. तिच्यासाठी एक बैठी गाडी करून तिला ती चाकं लावली आणि स्वतः चाचपडत आमच्या घरी घेऊन आले. आई आता सकाळी तीवर बसून सज्जात येते. "मी विमानात बसले," असं गल्लीतल्या प्रत्येकाला सांगते. षष्ट्यब्दीच्या दिवशी एक उड्डाण व्हावं असं समितीच्या मनात होतं. अण्णांनी नम्रपणे नकार दिला, आणि माझ्या मते योग्यच केलं. आग्रह करू नये.

आता लेखाच्या शेवटी दीर्घायुष्याची प्रार्थना करायची पद्धत आहे. शांतीच्या होमात 'पश्येम शरदः शतम्, जीवेम शरदः शतम्' हा आशीर्वादाचा मंत्र मलाच म्हणायचा आहे. परवा मुलांकडून पाठ करून घेताना मी मध्येच अडखळलो. जन्मभर म्हटलेला मंत्र, पण त्यात शंभर वर्षं जगण्याच्याही आधी शंभर वर्षं पाहण्याचं मागणं आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ऋषींनी पहिल्यांदा नजर मागितली, मग आयुष्य. अण्णांपुढे उभा राहून तो पहिला शब्द मी कसा उच्चारणार, या विचाराने मी दोन दिवस हैराण होतो. शेवटी त्यांनाच जाऊन विचारलं, तो शब्द गाळू का?

अण्णा हसले. म्हणाले, "गाळू नका. जोरात म्हणा. पहिलं मिळालं तर दुसऱ्याचं बघू."

मी दोन्ही मागणार आहे. आणि देवाने पहिलं नाहीच दिलं, तर दुसरं तरी भरपूर द्यावं, अण्णांनाही आणि त्यांच्या शेजारी उभं राहून ओरडण्यापुरतं मलाही. थकलो असलो तरी आवाज अजून शाबूत आहे.