मावशींनी त्याला ओवाळलं

"घरी कसा हाय त्यो?"

कुणी मतं मागायला आलं की आमच्या गल्लीतल्या मावशी आधी हेच विचारायच्या. पक्ष आणि निशाणी नंतर.

औंढ्यात आमच्यापासून दोन दारं सोडून त्या राहायच्या. नवरा देवळाबाहेर बेलफुलं विकायचा. गल्लीत उमेदवार शिरला की पहिलं मावशींनी ओवाळायचं, असा रिवाजच पडला होता. पण माणूस घरात नीट वागणारा असेल तरच ताट बाहेर यायचं. नाहीतर ऐन वेळी मावशींच्या अंगात कणकण भरायची आणि त्या गोधडी ओढून पडायच्या. ही कणकण निवडणुकीतच कशी येते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेलच.

आमच्याकडे नळ आणणारा पुढारी मात्र बायकोला दोन मुलींसकट माहेरी टाकून मोकळा झालेला. मी शाळामास्तर, वाद घालायचो.

"मावशी, त्याच्या घरात कशाला डोकावता? नळ आला ना?"

"आला की. पानी बी गोड हाय. पर सर, सोताची दोन लेकरं इसरला त्यो, आपल्याला काहून ध्यानात ठेवंल?"

मी हसून विषय बदलला.

मावशींची लेकही नवऱ्यानं टाकलेली, माहेरी राहणारी. अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली आणि तिथं शब्द चालणार होता त्याच पुढाऱ्याचा. तो प्रचाराला येणार म्हटल्यावर मीच मावशींना समजवायला गेलो. "एकदा ओवाळून टाका. लेकीच्या जन्माचा प्रश्न आहे." मोठा शहाणा मी!

त्यांनी ओवाळलं. कुंकू लावताना त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. लेक मागे हात जोडून उभी होती. महिनाभरात जागा मिळाली.

पुढे माझ्या मुलाच्या लग्नात बायकोनं मावशींच्या हाती ताट दिलं, तर त्या मागे सरल्या.

"ह्या हातानं नगं, बाई. दुसरीला सांग."

मी शेजारीच होतो. लाजेनं मला मान वर करता आली नाही.

गेल्या वर्षी मावशी वारल्या. तेराव्याला पुढारी स्वतः आला, फोटोला हार घालून गेला. लेक डोळे पुसत मला म्हणाली, "दादा लई मोठे मानूस, सर. आईला शेवटी पटले बगा."

मी "हो" म्हणालो.