दोन कंपन्या आणि माझा नंबर

शेअर घ्यायचा तो बियाण्याच्या कंपनीचा, असं आमच्या घरात ठरलं तेव्हा मी ड्युटीवर होते. पैसे माझे. सावंगीच्या दवाखान्यात बावीस वर्षं नर्स म्हणून पाय झिजवून बाजूला टाकलेले. ठरवलं मात्र नवऱ्याने आणि थोरल्या दिरांनी, बोरगावच्या घराच्या ओट्यावर बसून. कारण एवढंच, की आंजीच्या कृषी केंद्रासमोर त्या कंपनीच्या कापसाच्या बियाण्यासाठी रांग लागली होती.

माझ्या मनात सलाईन बनवणारी कंपनी होती. तिची खोकी मी रोज फोडते. हे सांगितलं तर दीर हसले. मला राग आला, पण नंतर वाटलं, त्यांनी रांग पाहिली, मी खोकी पाहिली. आम्ही सगळे एकाच माळेचे मणी, आत कोणीच पाहिलं नव्हतं.

माझं माहेर आंजीचं. बाबा कापूस विकायला न्यायचे तेव्हा व्यापारी गाडीवरचा पांढराशुभ्र थर बघायचाच नाही. बाही सारून खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि तळातली मूठ बाहेर काढायचा, कारण ओल तळाशी असते. मीही तेच केलं. सुट्टीच्या चार दुपारी दोन्ही कंपन्यांचे वार्षिक अहवाल मोबाइलवर वाचले. नफ्याचा आकडा म्हणजे वरचा थर, तो सोडला. विकलेल्या मालाचे पैसे हातात किती आले, ते शोधलं. बियाण्यांचा माल दुकानदारांकडे उधारीवर पडलेला होता, न खपलेला परत येत होता आणि सगळं वर्ष एका हंगामावर टांगलेलं. सलाईनवाल्यांचे पैसेही उशिराच येत होते. ते मला आवडलं नाही, तरी वहीत लिहिलं. पण ते बाराही महिने येत होते.

वही नवऱ्यासमोर ठेवली. त्यांनी उघडलीसुद्धा नाही. खातं माझ्या नावाचं, पण उघडताना मोबाइल नंबर त्यांचा दिला होता. आमच्याकडे बायकांच्या सगळ्याच कागदांवर नवऱ्याचा नंबर असतो, आणि मलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. शेअर घेण्यासाठी ओटीपी मागितला तर त्यांनी फोन खिशात घातला.

"बियाण्याचा घेत असशीन तं सांगतो. तुले काय समजते त्यातलं?"

"वही वाचून पाहा, मंग बोलजा," मी म्हटलं.

पुन्हा मी ओटीपी मागितला नाही. शेअरच्या खात्यावरचा नंबर बदलायला आधारचा ओटीपी लागतो, आणि आधारलाही त्यांचाच नंबर होता, म्हणून आधी वर्ध्याला जाऊन तो बदलला. रोज हात धुऊन धुऊन माझ्या बोटांच्या रेषा पुसट झाल्यात, मशीनने तीनदा नाकारलं. चौथ्यांदा घेतलं. मग शेअरच्या खात्यावरचा नंबर बदलला आणि सलाईनचे शेअर घेतले. पैसे बुडाले तर आपल्याकडे रडत यायचं नाही, असं दिरांनी बजावलं. मी कधी कोणाकडे रडत गेले होते, असं मी त्यांना विचारलं.

खरं सांगते, माझा शेअर तेव्हापासून थोडा उतरलाच आहे, आणि बियाण्याचा चढलाय. नवरा रोज संध्याकाळी दोन्ही भाव मोठ्याने वाचून दाखवतात. मी चहा पीत ऐकते. हात तळापर्यंत घालून घेतलेला माल मी चार महिन्यांच्या भावाला घाबरून फेकणार नाही.

परवा ते म्हणाले, "इकून टाक आता."

"इकाचा असन तवा मी इकीन," मी म्हटलं. "ओटीपी माह्या मोबाइलवर येते."