"लूम गटात येऊ नका" म्हणणारे हबीबचाचा

आम्हाला शिकवायला आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी हॉलमध्ये उभं राहून सांगितलं, इथे येऊ नका.

तो माणूस आज सकाळी गेला.

हबीबचाचा. भिवंडीतले जॉबर. जॉबर म्हणजे बंद पडलेला लूम चालू करून देणारा मिस्त्री.

नववीत आमच्या वर्गात नव्वद जण होते. मी शेवटच्या बाकावर. सरांना माझं नाव माहीत नव्हतं.
"ए खारबाव, उभी राहा!" अशी हाक यायची.
खारबावच्या आम्ही चार जणी होतो. चौघी उभ्या राहायचो.

मग भोईर सर हेडमास्तर झाले आणि त्यांनी वर्गच फोडला.

चार गट. गोदाम, दवाखाना, शेती, लूम.
प्रत्येकाची खोली वेगळी, शिक्षक ठरलेले, दहावीपर्यंत तेच. पुस्तकं बोर्डाचीच, पण गणित, विज्ञान, निबंध, सगळं त्या कामातून. आणि दर शनिवारी त्या धंद्यातला खरा माणूस वर्गात.

अट एकच. गटात पंधरा पाहिजेत. कमी पडले तर गट बंद.

गट निवडायच्या दिवशी पालकांनाही बोलावलं होतं.

वळ गावच्या गोदामातला सुपरवायझर स्कॅनर घेऊन आला. पोरांनी पाठ्यपुस्तकांचे बारकोड बीप करून घेतले. फुल हवा.
नर्सबाईंनी बीपी मोजून दिलं. त्यांच्यापुढे लाइन.

चाचा रिकाम्या हाताने आले.

"मैं जॉबर हूँ. लूम का डॉक्टर समझो. बस, डॉक्टर के हाथ में इतना ग्रीस नहीं होता."
सगळे हसले.
"चालीस साल हो गए. एक कान से सुनाई नहीं देता. मेरा एक भी लड़का लूम में नहीं है. तुम लोग भी मत आओ."

आणि बसले.

भोईर सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

त्याआधी लूमसाठी सोळा हात वर होते. आता सात.
माझा आठवा राहिला असता. आईने मनगट धरून खाली ओढला.

आई कांडीवर होती. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. दिवसभर त्या भरायच्या. सुताने तिच्या बोटांना चिरा पडलेल्या.
"मी बसली तेवढं बास हाय," एवढंच म्हणाली.

मला फक्त एक गोष्ट बघायची होती. कापडाच्या काठावर नाव विणलेलं असतं ना? धाग्यातून अक्षर येतं कसं? ते.

नळाजवळ मी चाचांना गाठलं. जाम राग आला होता.

"चाचा, असं का बोललात? आता गट बंद होणार!"
"तो क्या झूठ बोल के भर्ती करूँ?"
"मग आलात कशाला?"


"सर बोले, आओ, सिखाओ. चालीस साल में पहली बार किसी ने ऐसा बोला, बेटा. ना कैसे बोलता?"
मग मला विचारलं, "तेरे को लूम चलाना है?"
"नाही. तो कसा चालतो ते समजून घ्यायचंय."

त्यांनी नळ बंद केला.
"ये तो अलग बात है. ये मेरे को बोलना चाहिए था वहाँ."

रविवारी ते शेअर रिक्षाने खारबावला आमच्या दारात.

"बहन, कल मैंने बच्चों को मना किया. गलत नहीं बोला. आधा बोला. बाकी का आधा बोलने आया हूँ."

आईने दोन्ही हात पुढे केले. "आधी ही बोटं बघा, चाचा."
"आप मेरा कान देखो."
"बहिरा कान वरून दिसतो काय?"
"इसीलिए तो कोई देखता नहीं!"

आई हसली. आईने चहा टाकला. पण गटाच्या फॉर्मवर सही नाही.

"मशीन पे खड़ी नहीं करूँगा. मशीन खोल के दिखाऊँगा. अंदर जो दिमाग है ना, वो."
"एक दिवस जरी माझ्या पोरीला कांडीवर बसवलीत, तर शाळेत येऊन उचलून नेईन. हेडमास्तरासमोर."
"मंज़ूर."

सही केली. पेन कागदातून आरपार गेलं.

अशा नऊ घरी गेले ते. सात पोरं परत आली.

चौदा झाले. एक कमी.
भोईर सरांनी शाळेच्या कमिटीला सांगितलं, चाचा धरून पंधरा. आणि खरंच हजेरीत नाव लिहिलं. चौथी शिकलेले चाचा दर शनिवारी रोल नंबर पंधरा.

पहिल्या शनिवारी त्यांनी डॉबीची, म्हणजे लूमवर नक्षी पाडणाऱ्या यंत्राची, पट्टी आणली. लाकडी पट्टी, तिला भोकं. भोकात खुंटी असली की धागा वर, नसली की खाली. बस. एवढ्यावर फुलं, चौकटी, सगळी डिझाइन.
गणिताच्या बाईंनी त्या पट्टीवर दोन आठवडे काढले. मला पहिल्यांदा गणित कळलं.

आई त्या पहिल्या शनिवारी चेक करायला आली होती. शेवटच्या बाकावर बसली, तास संपल्यावर गुपचूप निघून गेली. परत त्या विषयावर एक शब्द नाही. इतकी वर्षं.

आम्ही चौदा जण आज कुठे कुठे आहोत. एक खरंच लूमवर आहे, स्वतःच्या मर्जीने. दोघी नर्स झाल्या, चाचांना त्याचाही आनंद. मी टेक्स्टाइल डिझाइन केलं, आता लिहिते जास्त आणि विणते कमी.
गट अजून चालू आहे. परवापरवापर्यंत चाचा जात होते.

दुपारी माती देऊन झाल्यावर भोईर सरांचा फोन आला. नवीन पोरं रडतायत, या शनिवारी लूम गटाला सुट्टी देऊ का, म्हणून विचारत होते.

मी उत्तर द्यायच्या आत आईने फोन काढून घेतला.

"सुट्टी कशाला? मी येते. कांडी कशी भरतात ते चाचांना कधी नीट जमलंच न्हाय. उगाच पोरांना चुकीचं शिकवत होते."

मग आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

हबीबचाचा, तुम्हाला आम्हा चौदा जणांचा सलाम.
नीट जा.